पणजोबांच्या मागे कसं जायचं : मराठवाड्यातल्या घराण्याची वंशावळ शोधताना

आमच्या घरात तांब्याची एक जुनी घागर आहे. एका बाजूला पोचा आलेला, आणि काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली एक ओळ : एका बाईचं नाव, तिच्यापुढे एका गावाचं नाव आणि 'शके १८४५'. त्या घागरीतलं पाणी आम्ही लहानपणापासून प्यालो, पण ते नाव कुणाचं हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. आजीचं नव्हतं, पणजीचंही नव्हतं. वंशावळ शोधायला मी बसलो ते त्या एका नावामुळे.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात घरोघरी वंशावळ हा शब्द ऐकू येतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि खासरा पत्रक, नमुना नंबर १४ या जुन्या सरकारी नोंदींची नावं चहाच्या टपरीवर पोचली. प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या वंशावळीचे नियम वेगळे आहेत, ते काम जाणकाराच्या हातून करून घ्यावं. मी लिहितोय ते आपल्या घरासाठी, आपण कोण आणि कुठून आलो हे पोरांच्या हाती नीट देता यावं म्हणून. कागद मात्र दोन्हीकडे तेच लागतात.

पहिली पायरी : म्हातारी माणसं

बहुतेक जण सुरुवात तहसीलपासून करतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तहसील पुढच्या महिन्यात गेलात तरी चालेल. रेकॉर्ड रूममधला गठ्ठा सत्तर वर्षं तिथंच आहे, अजून महिनाभर राहील. नव्वदीतल्या आजीचं तसं नाही.

घराण्यातली सत्तरीच्या पुढची सगळी माणसं एका कागदावर लिहा. भावकीतली लिहा, तशी लग्न होऊन बाहेर गेलेल्या आत्या आणि चुलत आत्याही लिहा. माझा अनुभव असा की भावकीतल्या पुरुषांना जमिनीच्या वाटण्या पाठ असतात आणि आत्यांना माणसं पाठ असतात. कोण कुणाच्या पाठचं, कुणाचं लेकरू लहानपणी गेलं, कुणाचा पाट लागला, हे बायकांकडूनच कळतं.

गेल्यावर वही काढून समोर बसू नका. अर्धा तास इकडचं-तिकडचं बोला, मग विचारून मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा. 'तुमचा जन्म कोणत्या साली झाला?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि मिळालं तरी ते शाळेच्या दाखल्यावरचं असतं. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकली. त्यापेक्षा काळ घटनेला बांधून विचारा. 'मानमोडीच्या साथीचं घरात कुणी काही सांगायचं का?' म्हणजे १९१८. 'रझाकारीत तुम्ही केवढ्या होत्या, पळून कुठं गेला होता?' म्हणजे १९४७-४८. 'बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण होतं?' 'किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरल्याचं लग्न झालं होतं का?' म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. 'पोलीस ॲक्शनच्या वेळी मी पाळण्यात होते' एवढं वाक्य मिळालं, तर दाखल्यापेक्षा ते खरं धरा.

एक प्रश्न न विसरता विचारा : घरात मावंदं कधी झालं होतं? काशीला कोण जाऊन आलं, गंगा कुणी आणली, गावजेवण कुणी घातलं, हे लोकांच्या चांगलं लक्षात असतं. पुढे तीर्थक्षेत्रातल्या वह्या शोधताना हाच धागा कामाला येतो. कुलदैवत कोणतं, जावळ कुठं काढतात, लग्नात देवक कशाचं बसवतात, गावच्या जत्रेशिवाय आणखी कोणत्या गावच्या जत्रेला नेमानं जातात, हेही विचारा. कुणाला तुळजापूर, कुणाला माहूर, कुणाला अणदूर-नळदुर्गचा किंवा मालेगावचा खंडोबा. आज राहतो ते गाव एक आणि जावळाचं गाव दुसरंच असेल, तर घराणं त्या बाजूनं आलं असण्याची शक्यता मोठी.

काही गोष्टी लोक सांगत नाहीत. रझाकारीतलं काही आठवून डोळे भरले, किंवा दुसऱ्या बायकोचा, घर सोडून गेलेल्या सुनेचा विषय आला आणि समोरचं माणूस गप्प झालं, तर तिथंच थांबा. आपण जबाब घ्यायला गेलेलो नाही. पुन्हा जायची वाट मोकळी राहिली पाहिजे.

घरी आल्यावर त्याच रात्री रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढा. वर तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नातं लिहा.

दुसरी पायरी : घरातल्या वस्तू

माळवदावरची ट्रंक, देवघर, भांड्यांची फळी, भिंतीवरचे फोटो. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं असतात. लग्नात माहेरहून आलेलं भांडं असेल तर बाईचं, कुणाच्या स्मरणार्थ दिलेलं असेल तर मयताचं. राखेनं घासून अक्षरं पुसट होतात. अशा वेळी त्या जागी थोडं पीठ चोळून हलक्या हातानं पुसा, पीठ खाचेत बसतं आणि अक्षर उठून दिसतं. आमच्या घागरीवरचं 'शके' मी असंच वाचलं.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवायचे. म्हणजे घागर १९२३-२४ ची. जुन्या पत्रिकेत नुसतं संवत्सराचं नाव असेल तरी साल काढता येतं, कारण साठ संवत्सरांचं चक्र ठरलेलं आहे. शके १८४५ हे रुधिरोद्गारी संवत्सर होतं.

देवघरातले टाक मोजा आणि प्रत्येक टाक कुणाचा ते विचारा. सगळे देवाचे नसतात, काही घरातल्या माणसांचे असतात. फोटो असेल तर फ्रेमच्या मागची पुठ्ठ्याची बाजू सोडवून पाहा, फोटो स्टुडिओचा शिक्का आणि गाव मिळतं. पणजीचा आमच्याकडे एकच फोटो आहे. गळ्यात मण्यांच्या मधे चांदीचा एक बारका चौकोनी टाक दिसतो. आम्ही तो देवीचा समजत होतो.

शेतातला समाधीचा ओटाही विसरू नका. आणि घरात श्राद्ध होत असेल, तर संकल्पाच्या वेळी गुरुजी काय म्हणतात ते ऐका. वडील, आजोबा, पणजोबा, तसंच आई, आजी, पणजी आणि आईकडच्या तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात. जमिनीच्या कागदात क्वचित सापडणारी बाईची नावं इथं सापडतात. पितृपंधरवड्यात गुरुजींना आधी भेटून त्यांची वही पाहायला मागा.

तिसरी पायरी : लिहायचं कसं

पहिल्या दिवसापासून झाडाचं चित्र काढू नका, ते दर आठवड्याला खोडावं लागतं. आधी माणशी एक पान ठेवा. पानावर कागदावरचं नाव, पाळण्यातलं नाव, लोक हाक मारायचे ते नाव, जन्म-मृत्यूचा अंदाज, माहेर, सासर, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून कळली ते. 'आत्याआजीनं सांगितलं', 'खासरा पत्रक', 'घागर'. हा शेवटचा रकाना आळसानं सोडला, तर दोन वर्षांनी खरं काय आणि ऐकीव काय हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही.

क्रमांकाची एक सोपी रीत आहे. स्वतःला १ द्या. कुणाच्याही बापाचा क्रमांक त्याच्या दुप्पट आणि आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे वडील २, आई ३, वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, आईची आई ७. क्रमांक पाहिला की माणूस कोणत्या बाजूचं ते कळतं, आणि आईकडच्या जागा रिकाम्या राहिल्या तर त्या डोळ्यांत भरतात.

आपल्याकडे मात्र एक अडचण ठरलेली आहे. मामाची मुलगी करण्याची रीत, काही घराण्यांत बहिणीची मुलगी करण्याची रीत, शिवाय साटंलोटं. त्यामुळे एकच माणूस दोन नात्यांनी आपला पूर्वज निघतो आणि त्याला दोन क्रमांक येतात. चुकलं असं समजून एक खोडू नका. पान एकच ठेवा आणि वर दोन्ही क्रमांक लिहा. दत्तक गेलेल्याचं पान जन्मघराकडून आणि दत्तकघराकडून असं दोन्हीकडून जोडा.

नावांचीही गंमत आहे. वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, म्हणून विठोबा, मारुती, पुन्हा विठोबा, पुन्हा मारुती अशी साखळी लागते. दोन विठोबा एक समजून एक अख्खी पिढी गिळली जाते. दोन नोंदींमध्ये साठ-सत्तर वर्षांचं अंतर असेल तर सावध व्हा.

संगणकावर ठेवायचं असेल तर ग्रॅम्प्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात नावं देवनागरीत लिहिता येतात. पण वही सोडू नका. म्हाताऱ्या माणसासमोर लॅपटॉप उघडला की ती बोलायची थांबतात.

चौथी पायरी : तलाठी, तहसील, शाळा

आता कागद. सातबारावरून उलटं चालायचं. आजच्या उताऱ्यावर फेरफार क्रमांक असतात (फेरफार म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद), त्यातला सगळ्यात जुना काढा. वारसाचा फेरफार म्हणजे छोटी वंशावळच : अमुक मयत, त्याचे वारस अमुक-अमुक. त्या फेरफारात आधीच्या मालकाचं नाव, त्यावरून त्याचा फेरफार. जुने कागद स्कॅन करून 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर टाकले आहेत, आपल्या गावचे आहेत का ते घरबसल्या पाहता येतं. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा.

पुण्या-साताऱ्याकडचे लोक फेरफार धरून शंभर वर्षं मागे जातात. आपल्याकडे ही वाट साधारण १९५० च्या दशकात संपते, कारण त्याआधी इथं निजामाचं राज्य होतं आणि हक्कनोंदणीची पद्धत वेगळी होती. म्हणून मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक एवढं मोलाचं. त्याच्या जोडीला पाहणी पत्रक आणि भूमी अभिलेख कार्यालयातलं सेतवार मागा. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी घरोघरच्या माणसांचं राष्ट्रीय रजिस्टर झालं होतं. तुमच्या गावाचं टिकलं असेल तर त्यात घरातली सगळी माणसं वयासकट एका ठिकाणी सापडतात, लेकीसुना धरून. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. त्यात कित्येकदा बाळाचं नाव नसतं, 'मुलगी' एवढंच असतं, पण बापाचं नाव, जात आणि तारीख असते.

कागद हातात आला की घाईनं आडनाव शोधू नका, बारक्या खुणा वाचा. 'मारुती वल्द विठोबा' किंवा 'मारुती बिन विठोबा' म्हणजे विठोबाचा मुलगा मारुती. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, त्या बाईचा नवरा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. इतर भावांची नावं नोंदीत नाहीत म्हणून ते नव्हतेच असं समजू नका. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे वयात न आलेल्या वारसाचा सांभाळ करणारं माणूस. हे जिथं दिसेल तिथं थांबा. अज्ञान वारसाच्या नावापुढे आईचं नाव पालनकर्ता म्हणून असेल, तर बाप लेकरू लहान असताना गेला आणि त्या बाईनं एकटीनं घर ओढलं. आमच्या चुलत घराण्यातली अशी एक बाई मला या तीन अक्षरांतून सापडली. तिच्याबद्दल घरात एक शब्द कुणी बोललं नव्हतं, आणि आज त्या घराकडे जी जमीन आहे ती तिनं राखलेली आहे.

जुन्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढा. तारखेवर फार विसंबू नका. पण पालकाचं नाव, जात, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण वाचा. रझाकारीच्या काळात कितीतरी कुटुंबं सीमा ओलांडून सोलापूर, अहमदनगर, बुलढाण्याकडे गेली होती. त्या दोन-तीन वर्षांची पोरांची शाळेची नोंद तिकडच्या गावात असू शकते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर धर्मांतर केलेल्या घरांत थोरल्या भावाची नोंद एक आणि धाकट्याची दुसरी असं दिसतं, माणसं एकाच घरातली असतात.

गावाच्या नावाबद्दल माझी झालेली चूक सांगतो. आमच्या मूळ गावाच्या नावाची चार-पाच गावं आहेत. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी यांची मराठवाड्यात मोजदाद नाही. मी सहा महिने भलत्याच तालुक्यातल्या नोंदी गोळा करत होतो. आडनाव तेच, पणजोबांचं नावही तेच. शेवटी कुलदैवत जुळेना म्हणून शंका आली. त्या वहीतली बावीस पानं मी अजून ठेवली आहेत, कारण ती कुणाच्या तरी घराण्याची आहेत. गावाच्या नावापुढे तालुका, आणि शक्यतो शेजारच्या दोन गावांची नावं लिहिल्याशिवाय नोंद घेऊ नका. गोदाकाठच्या घरांनी आणखी एक पाहावं. जायकवाडीच्या पाण्यात जुनी गावं गेली आणि माणसं नव्या ठिकाणी वसली, त्यामुळे जुन्या नोंदी जुन्या गावाच्या नावानंच शोधाव्या लागतात. किल्लारी भागातल्या पुनर्वसित गावांचंही तेच.

पाचवी पायरी : १९४८ च्या पलीकडे

१७ सप्टेंबर १९४८ हा आपला मुक्तिदिन. वंशावळ शोधणाऱ्यासाठी तो एक उंबराही आहे. त्याच्या पलीकडे कागदाची भाषा, लिपी, साल आणि जिल्हासुद्धा बदलतो.

साल आधी घेऊ. निजामाच्या राज्यात फसली साल चालायचं. शेवटच्या काळात ते ऑक्टोबरात आजुर महिन्यानं सुरू व्हायचं. फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवा. म्हणजे फसली १३५७ हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. आजुर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान ही महिन्यांची नावं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. फसली आकडा इसवी सन समजून बसलात तर पणजोबा शिवकाळाच्याही मागे जातील.

लिपी : सरकारी दफ्तर आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत. गावपातळीवर पटवाऱ्याची मोडीही सापडते. मोडीत आधी रेघ मारून मग अक्षरं लिहीत, शब्द तोडत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत. चार-सहा महिने रोज अर्धा तास दिलात तर आपल्या घराण्याची, गावाची नावं ओळखण्याइतकी मोडी येते, हे मी स्वतः करून सांगतो. उर्दूसाठी गावातल्या जुन्या मंडळींकडे जा. निजामी शाळेत शिकलेले आजोबा आता फार थोडे उरले, पण मदरशातले शिक्षक आणि उर्दू शाळेतले गुरुजी प्रेमानं वाचून देतात. दफ्तरातलं घसटीचं अक्षर त्यांनाही जड जातं, म्हणून फोटो नीट उजेडात काढून न्या.

जिल्हा : आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादमध्ये होतं. उलट मुधोळ-भैंसा नांदेडमध्ये होते, ते आज तेलंगणात आहेत. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला आणि हिंगोली १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. आंबेजोगाईचे कागद मोमिनाबाद या नावानं शोधा. आपलं गाव १९४० साली कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जिल्ह्यात होतं हे आधी ठरवा, मग प्रवासाचं तिकीट काढा.

गाव कुणाचं होतं तेही विचारा. दिवाणी गाव असेल तर दफ्तर सरकारात जायचं. सर्फेखास म्हणजे खुद्द निजामाची मालमत्ता, पायगा आणि जहागीर म्हणजे सरदार-जहागीरदारांची. १९४९ साली जहागिऱ्या खालसा झाल्या. जहागिरीच्या गावाची जुनी नोंद तहसीलमध्ये मिळाली नाही तर निराश होऊ नका, ती जहागीरदाराच्या दफ्तराबरोबर दुसरीकडे गेलेली असू शकते.

घराण्याकडे पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण, महारकी, देवस्थानाची किंवा दर्ग्याची सेवा असं कोणतंही वतन किंवा इनाम असेल, तर 'मुन्तखब' हा शब्द लक्षात ठेवा. निजामाच्या अतियात, म्हणजे इनामांच्या, खात्यानं चौकशी करून दिलेला तो इनामाचा दाखला. इनाम बापाकडून मुलाकडे कसं आलं हे त्या चौकशीत तपासत, म्हणून एका मुन्तखबात तीन-चार पिढ्या मिळून जातात. हे कागद जिल्हाधिकारी कार्यालयात शोधावे लागतात. छत्रपती संभाजीनगरला पुराभिलेख खात्याचं कार्यालय आहे, आणि निजाम सरकारचं मोठं दफ्तर हैदराबादला तार्नाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. तिथं थेट जाऊन 'माझे पणजोबा दाखवा' म्हणून चालत नाही. गाव, तालुका, फसली साल आणि खातं, एवढं हातात असेल तरच जा.

सहावी पायरी : वह्या, भाट, हेळवी

आता जमिनीच्या कागदापेक्षा मला अधिक जवळचा वाटणारा भाग. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांचीही नोंद इथं सापडते.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, पैठण, तुळजापूर आणि तिकडे काशी, प्रयाग, गया. या ठिकाणच्या उपाध्यांकडे आणि पुजाऱ्यांकडे पिढ्यान्पिढ्यांच्या वह्या आहेत. यात्रेला कोण आलं, बरोबर कोण होतं, कुणाचं श्राद्ध केलं, हे त्यांत लिहिलेलं असतं आणि कित्येकदा खाली आपल्या माणसाची सही किंवा निशाणी असते. नोंदी गाव आणि घराण्याप्रमाणे लावलेल्या असतात. म्हणून गेल्यावर आज राहता ते शहर सांगू नका, मूळ गाव, जुना तालुका, जात आणि कुळ सांगा. आडनाव पन्नास-साठ वर्षांतलं असू शकतं. त्याआधी 'पाटील मौजे अमुक' एवढीच ओळख लिहिलेली असते.

आधी पत्ता काढून, गर्दीचे दिवस टाळून जा. वही त्यांच्या घराची ठेव आहे, ती हातात घेऊन भराभरा पानं उलटू नका. फोटो विचारून काढा, दक्षिणा मनापासून द्या. आणि निघताना आपली नोंद करून या : आपली, बायकोची, मुलाची, मुलीची, सगळ्यांची नावं. शंभर वर्षांनी कुणीतरी तिथं येणार आहे.

गावोगाव पोथी घेऊन येणारे भाट, कर्नाटक सीमेकडच्या भागात घराण्याची कुळी सांगणारे हेळवी, बंजारा तांड्यांवर कुळीची गाणी गाणारे ढाडी, हे सगळे वंशावळीचे चालते-बोलते संग्रह. सुगीनंतर येतात, त्या दिवसांत गावात निरोप ठेवा. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं रेकॉर्ड करा, पण दोन भाग वेगळे ओळखा. अलीकडच्या सात-आठ पिढ्यांची नावं पुष्कळदा कागदाशी जुळतात. त्याआधी घराणं एकदम धारच्या किंवा चितोडच्या राजाला जाऊन मिळतं, तो भाग ऐकावा, लिहून ठेवावा, आणि पुराव्याच्या रकान्यात 'भाटाची पोथी' असंच लिहावं. बाराशे वर्षांची राजवंशावळ पैसे घेऊन आठवड्यात तयार करून देणारेही आता निघाले आहेत. मला अशी एक वंशावळ कुणीतरी विकत आणून दाखवली होती. तिच्यात चारशे वर्षांत एकाही बाईचं नाव नव्हतं.

लिंगायत घरांनी आपल्या गुरूच्या मठात विचारावं. मुस्लिम घरांत शजरा, म्हणजे वंशावळीचा कागद, जपलेला असतो आणि काजींच्या दफ्तरात निकाहाच्या नोंदी असतात. जालन्याच्या बाजूच्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही उपयोगी पडते.

कागदांची काळजी

जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, काही वर्षांत शाई आणि कागद दोन्ही जातात. घडी सोडवून, सपाट करून, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. सावलीतल्या उजेडात फोटो काढा, फाइलला साल, गाव, कागदाचा प्रकार असं नाव द्या आणि तीन घरांत तीन प्रती ठेवा. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, घरातल्या नाजूक गोष्टी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

शेवटची पायरी : परत जा

कागद गोळा झाले की पुन्हा पहिल्या पायरीवर या. जे सापडलं ते म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. नुसत्या प्रश्नानं जे आठवत नाही, ते नाव कानावर पडलं की आठवतं.

घागरीवरचं नाव मला त्र्यंबकला सापडलं. उपाध्यांच्या वहीत पणजोबांच्या नोंदीखाली, एका श्राद्धाच्या ओळीत, तेच नाव आणि माहेरचं तेच गाव. पणजोबांची पहिली बायको. मी त्या पानाचा फोटो घेऊन आत्याआजीकडे गेलो, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीकडे. तिला मी आधी तीनदा भेटलो होतो. तिन्ही वेळा बापाचं, चुलत्यांचं, जमिनीचं विचारलं होतं. नाव वाचल्याबरोबर ती म्हणाली, "आवं, ती आमची थोरली माय. पहिल्या बाळंतपणात गेली. आम्ही कुनी पाह्यली नाही तिला."

मी म्हणालो, "आत्याआजी, तू कधी बोलली नाहीस."

"तू कव्हा इचारलं?"

मग तिनं भिंतीवरचा तिच्या आईचा फोटो काढायला लावला, आमच्या घरी आहे त्याचीच दुसरी प्रत. गळ्यातल्या त्या बारक्या चौकोनी टाकावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो देवीचा न्हाई. ह्यो सवतीचा टाक हाय. माझ्या मायनं मरेस्तवर गळ्यातून काढला न्हाई. सणावाराला आधी तिला निवद दाखवायची, मग आम्हाला वाढायची."

त्या दिवशी मी वहीत नवं पान घातलं. पुराव्याच्या रकान्यात तीन गोष्टी लिहिल्या : घागर, त्र्यंबकची वही, आत्याआजी.